कॉन्ट्रा नाचातला ‘जिप्सी’ हा शब्द ठेवू की बदलू?

सातारची_लेक

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, अकरा वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. इथे कॉन्ट्रा नावाचा लोकनाच आहे. समोरासमोर दोन लांब रांगा, फिडल आणि पियानो तिथेच वाजत असतात आणि माइकवर उभा राहून कॉलर पुढची चाल सांगतो. ग्रीनफील्डच्या ग्रेंज हॉलमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मला भोंडला आठवला होता. कुणीही यावं, हात धरावा, नाचात शिरावं. आता मी कॉलिंग शिकतेय आणि पुढच्या महिन्यात माझे पहिले तीन नाच आहेत.

अडलंय ते एका शब्दापाशी. एक चाल अशी आहे की दोघं समोरासमोर येतात, हात लावायचा नाही, उजव्या खांद्याला उजवा खांदा ठेवून एकमेकांच्या डोळ्यांत बघत गोल फिरायचं. आठ ठोके, आणि मग बहुतेक वेळा स्विंग, म्हणजे एकमेकांना धरून जोरात गिरक्या. माझी सगळ्यात आवडती चाल. तिचं जुनं नाव ‘जिप्सी’. काही वर्षांपासून बऱ्याच ठिकाणी ‘राइट शोल्डर राउंड’ म्हणतात, पण माझ्या गुरूंनी मला त्यांची जुनी कार्डं दिलीत आणि त्यांवर जुनंच नाव आहे. ते म्हणतात, लोकनाच गोळा करणाऱ्या सेसिल शार्प यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या मॉरिस नावाच्या लोकनाचाची टिपणं केली, त्यांत ‘हाफ-जिप’, ‘होल-जिप’ असे शब्द आहेत, चालीचं नाव त्यावरून आलं, ज्या रोमानी लोकांना जिप्सी म्हणतात त्यांच्याशी त्याचा संबंध नाही.

गेल्या हिवाळ्यात आई आली होती, तिला नाच बघायला नेलं. मधल्या सुट्टीत बाकावर बसून मी तिला म्हटलं, “आई, पाणी घे.” शेजारी बूट बदलणारी बाई गर्रकन वळली. “काय म्हणालात?” तिची आजी हंगेरीतून आलेली, रोमानी बोलणारी. तीसुद्धा ‘पानी’च म्हणायची. मग ती बोटांवर मोजायला लागली: एख, दुई, त्रिन, श्तार, पांज. आई तिच्या मागोमाग एक, दोन, तीन, चार, पाच. नाक, कान दोन्हीकडे तेच. आई तिचा हात सोडेना.

सुट्टी संपली. पहिल्याच नाचात कॉलर म्हणाला, “जिप्सी युवर नेबर.” ती उभी राहिली होती, ती परत बसली आणि बुटाची नाडी पुन्हा बांधत राहिली. मी नंतर विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “आजीला याच शब्दाने दुकानातून हाकलायचे.”

मला स्वतःला वाटतं बदलावा. पण गुरूंना दुखवायचं नाही आणि एका बाईच्या अनुभवावरून सगळ्यांचं ठरवते आहे का, हाही प्रश्न पडतो. तुम्ही काय कराल?

लेस्टरवाला

ताई, इकडची बाजू सांगतो, कारण ती वेगळी आहे. ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बरेच रोमानी स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात. ॲपलबीच्या घोडेबाजारात मी स्वतः ऐकलंय. २०११ च्या जनगणनेत ‘जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर’ असा पर्याय आला, २०२१ मध्ये ‘रोमा’ वेगळा आला. त्यामुळे माइकवरून “ही शिवी आहे” असं मात्र सांगू नका. कुणाचं तरी ते घरचं नाव आहे.

पण मुळात ते दुसऱ्यांनी दिलेलं, तेही गैरसमजातून. हे लोक इजिप्तहून आले असं वाटलं, म्हणून ‘इजिप्शियन’चं जिप्सी झालं. १५३० मध्ये इंग्लंडने त्यांना हाकलायचा कायदा केला, १५५४ मध्ये देशात राहिल्यास देहान्ताची शिक्षा. इंग्रजीत फसवण्याला ‘जिप’ करणं म्हणतात, ते याच नावावरून आलं असं मानतात. एप्रिल १९७१ मध्ये लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथे त्यांनी आपलं ‘रोम’ हे नाव पुढे केलं आणि निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चक्र घेतलं. स्वतःला काय म्हणायचं ते त्यांनी ठरवावं. नाचातल्या चालीला त्या नावाची काय गरज?

माइनकाठची

जर्मनीत हा वाद उरलेलाच नाही. जिप्सीला जर्मनमध्ये ‘त्सिगॉयनर’ म्हणायचे, त्या शब्दाचं पहिलं अक्षर नाझींच्या आउशवित्समध्ये त्यांच्या हातांवर आकड्याआधी गोंदलं जायचं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथल्या त्यांच्या छावणीतली चार हजारांहून जास्त माणसं मारली. त्या नावाचा एक सॉस इथे घरोघरी असायचा, २०२० मध्ये मोठ्या उत्पादकाने त्याचं नाव बदलून पाप्रिका सॉस केलं. बाटली तीच, चव तीच. बदला, ताई.

सोलापूरकर_७१

मी कैकाडी. १८७१ च्या कायद्याने आमच्यासारख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणात वाढले, हजेरी देत. कायदा जाऊन किती वर्षं झाली, पण शाळेत पोरं भांडली की बाई म्हणायच्या, “काय कैकाड्यासारखं भांडताय?” बाईंच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं, त्यांना माझी जात ठाऊकही नसावी. मी मान खाली घालून पाटी पुसत बसायचो, अगदी कोरडी होईपर्यंत. त्या बाईंच्या बुटाच्या नाडीचं वाचलं आणि ती पाटी आठवली.

तुमच्या गुरूंचं ‘जिप’ खरं असेलही. ऐकणाऱ्याला व्युत्पत्ती ऐकू येत नाही.

आणि एक विनंती. त्या बाईंना आता पुन्हा विचारू नका. दर वेळी आम्हीच समजावून सांगायचं, आणि तेही समोरच्याचं मन न दुखवता, याचा फार शीण येतो.

सातारची_लेक

सोलापूरकर दादा, विचारणार नाही. काल रात्री तिला निरोप लिहून ठेवला होता, तुमचं वाचून पुसला.

लेस्टरवाले, माइकवरून काही जाहीर करणार नाही. नाचाआधी चाली चालवून दाखवतो तेव्हा फक्त “उजवा खांदा, डोळ्यांत बघा, गोल” एवढंच सांगेन. नवीन माणसाला ते जास्त कळतंही. जुन्या नावातून काय करायचं ते काहीच समजत नाही, हे मला कालपर्यंत सुचलं नव्हतं.

गुरूंना फोन केला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पेन्सिलने लिही, शाईने नको.” मी शाईने लिहितेय.

आता अडचण ठेक्याची. जुनं नाव दोन अक्षरी, नवं चार तुकड्यांचं, आणि आधीच्या चालीचे शेवटचे चार ठोके संपायच्या आत ते लोकांच्या कानात पडायला हवं. स्वयंपाकघरात मेट्रोनोम लावून म्हणून बघतेय. ‘राइट’वर जोर दिला तर बसतं. आठ कार्डं झाली, तीन राहिलीत.