मदत हवी आहे: वारुळावरची अळंबी कार्तिकीनंतर आणि पुढे वर्षभर कशी टिकवावी? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरजवळच्या मानपूरच्या पुढे आमचं थोडं शेत आहे. बांधावर जुनी वारुळं आहेत. आषाढात दोन-चार दमदार पाऊस पडून मध्ये उघडीप मिळाली, की त्यांच्यावर अळंबी फुटते. फुटली की टोपलीभर, आणि दोन दिवसांत सगळं संपतं: छत्र्या उघडतात, मऊ पडतात, आत अळ्या होतात. बाजारातली बटण किंवा धिंगरी वर्षभर मिळते, ही तशी मिळायची नाही. वाळवी वारुळात ज्या बुरशीची शेती करते, तिचीच ही फळं. वाळवीशिवाय ती बुरशी जगत नाही, म्हणून ही पिशव्यांत पिकवता येत नाही.

अडचण अशी की नेमका तेव्हाच चातुर्मास लागतो. आमच्याकडे आषाढी ते कार्तिकी कांदा, लसूण, वांगं बंद असतं, आणि अळंबीही त्यातच आली. सासूबाईंचा नेम कडक आहे आणि तो तसाच राहावा असं मलाही वाटतं. पण घरात या भाजीची सगळ्यांत जास्त आवड त्यांनाच आहे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, किंचित गोडा मसाला, सोबत ज्वारीची भाकरी. वयाची ऐंशी गाठलेल्या बाईला आवडीची गोष्ट डोळ्यांसमोर वाया जाताना दरवर्षी बघावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. निदान कार्तिकीनंतर तरी त्यांच्या ताटात पडावी, आणि उरली तर मुलं सुट्टीत येतील तेव्हा उन्हाळ्यातही व्हावी, एवढीच इच्छा आहे.

ओळखण्याबद्दल विचारणार असाल तर आधीच सांगते. शेत सांभाळणारे काका भिलाला आदिवासी आहेत, लहानपणापासून त्याच रानातले. ते दाखवतात तीच काढायची, आम्ही आमच्या मनाने एकही तोडत नाही. वारुळाच्या भुसभुशीत मातीत दोन बोटं घालून दांडा हळूच ओढला, की खाली मुळासारखी लांब शेपटी निघते, कधी कधी वीतभर. छत्रीला मधोमध टोक असतं, खालच्या पट्ट्या पांढुरक्या, पुढे किंचित गुलाबी झाक येते.

आता प्रश्न.

वाळवायची म्हटलं तर ऊन कुठून आणायचं? कुरडया-पापड चैत्र-वैशाखात गच्चीवर एका दिवसात कडकडीत होतात. आषाढात इंदूरला कपडे वाळत नाहीत तिथे अळंबी काय वाळणार, ती बुळबुळीत होते. काकांच्या घरी माळ ओवून चुलीवर टांगतात, पण तिला धुराचा वास लागतो आणि सासूबाईंना तो चालत नाही. भाज्या वाळवायचं विजेचं यंत्र घ्यावं का? कुणी पावसाळ्यात वापरलं आहे का? आमच्या ओटीजीचं (विजेच्या छोट्या ओव्हनचं) तापमान शंभर अंशांच्या खाली जात नाही.

फ्रीजर हा दुसरा मार्ग. कच्ची ठेवावी की परतून? पावसाळ्यात शेताकडे तासन्‌तास वीज जाते, इथे शहरात तितकी नाही, पण जाते. शिवाय पौष-माघात तोच फ्रीजर मटारने भरलेला असतो.

तिसरं, ग्वाल्हेरच्या मामेसासूबाई म्हणतात की कैरीसारखं तेलात लोणचं घाल, लसूण घालून. मला ते का कोण जाणे बरोबर वाटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

——

बडोदेकर:

ताई, लोणच्याबद्दलची तुमची शंका अगदी योग्य आहे, म्हणून आधी तेच. मी इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शिकले, अन्न टिकवणं हा माझा विषय. कैरी मुळातच आंबट, म्हणून तेलात टिकते. अळंबीला आंबटपणा जवळजवळ नाही. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू मातीत असतात. त्यांना हवा नको असते, आणि वर तेलाचा थर दिला की हवा आपोआप बंद होते. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जास्त तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असेल तर ते तिथे विष तयार करू शकतात. बरणी फुगेलच, वास येईलच असं नाही. लसूण तेलात बुडवून ठेवण्यातही हाच धोका आहे. साध्या उकळीने त्यांचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून घरच्या कुकरमध्ये शिजवून बरण्या बंद करून फडताळात ठेवणंही नको. लोणचं करायचंच तर अळंबी शिजवून पाच टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमध्ये घाला, फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. तुम्हाला वर्षभर हवी आहे, तेव्हा हा मार्ग सोडा. मामेसासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण घालू मात्र नका.

वाळवणं सगळ्यांत उत्तम. यंत्र जरूर घ्या, पण तापमान कमी-जास्त करता येतं ना, एवढं बघून घ्या. ओटीजी नको. शंभर अंशांवर अळंबी वाळत नाही, शिजते.

——

निमाडी:

आमच्याकडे यंत्रावर दरवर्षी करतो, पद्धत लिहितो.

शेतावरून आणली की त्याच दिवशी हात घालायचा, रात्रभर बाहेर ठेवायची नाही. पाण्यात बुडवायची नाही, पाणी धरते. शेपटी कापून वेगळी, माती सुरीने खरवडायची, छत्री ओल्या मलमलने पुसायची. उघडलेल्या छत्र्या मधोमध चिरून बघायच्या. अळ्यांची भोकं दिसली तर ती टाकायची, तिच्यामुळे सगळी रास खराब होते. चांगल्याच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करून मलमलवर पसरायच्या आणि पंख्याखाली दोन-तीन तास ठेवायच्या. मग यंत्रात आधी ५० अंश, वरचं पाणी गेलं की ५५ ते ६०. तास मोजत बसू नका, चकती हातात घेऊन बघा. वाकली तर आत ओल आहे. पापडासारखी कट्कन तुटली पाहिजे.

वजनाने दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे किलोची शंभर ग्रॅम. कमी वाटते, पण भिजली की भाजीला पुरते.

गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका. भरल्यावर पहिला आठवडा काचेची बरणी रोज हलवून बघा. आत दमटपणा दिसला किंवा चकत्या एकमेकींना चिकटल्या, तर परत यंत्रात. मग बरणी घट्ट बंद करून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे किड्यांची अंडी असतील तर मरतील. बाहेर काढली की बरणीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटेल. त्यानंतर अंधाऱ्या कपाटात. शेपट्या चिवट असतात, त्या वेगळ्या वाळवून दळून ठेवा, कटाच्या आमटीत चमचाभर घाला.

करताना कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची. ते पाणी ओतून देऊ नका, सगळी चव त्यातच उतरते. मलमलने गाळून रश्शात घाला. आणि भिजली म्हणून कच्चट ठेवू नका, नीट शिजवा.

——

ग्वाल्हेरकर:

टिकवण्याची माहिती छान, पण मला एका गोष्टीची काळजी वाटते म्हणून लिहितो. वाळवल्यावर आणि चिरल्यावर कुठली अळंबी कुठली हे कळत नाही. टोपलीत एक जरी चुकीची गेली तरी बरणीत ती ओळखू येणार नाही. अमानिता नावाच्या घातक अळंब्यांचं विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, गोठवूनही जात नाही. त्रास बहुतेकदा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, मध्ये एक दिवस बरंही वाटतं, आणि तोवर यकृत बिघडलेलं असतं. त्यामुळे काका जी निवडतील ती त्यांच्यासमोरच, अख्खी, एकेक बघून वेगळी करा आणि मगच शहरात आणा. एकीबद्दल जरी शंका आली तरी तिच्यासोबतची सगळी सोडा. आणि चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळा होतो का, किड्यांनी खाल्ली आहे का, या परीक्षांवर कुणीही विसंबू नये. त्यांना काही आधार नाही. अंगणातल्या हिरवळीवर पावसाळ्यात येणारी मोठी पांढरी छत्री तर मुळीच घेऊ नका. तिच्या खालच्या पट्ट्या पुढे हिरवट होतात आणि उलट्या-जुलाबाने माणूस बेजार होतो.

——

बडोदेकर:

ग्वाल्हेरकरांचं म्हणणं शंभर टक्के खरं. ताई, फ्रीजरचं राहिलं होतं. कच्ची गोठवू नका, काळी पडते आणि सुटल्यावर पाणी-पाणी होते. चकत्या तीन मिनिटं वाफवून, किंवा कोरड्या कढईत पाणी आटेपर्यंत परतून, चपट्या लहान पाकिटांत उणे १८ अंशांना ठेवा. एका पाकिटात एका भाजीपुरतीच, कारण वीज जाऊन सुटली तर परत गोठवायची नसते. कार्तिकीची पहिली भाजी फ्रीजरमधली करा, ती ताज्याच्या जास्त जवळ जाते, आणि मटार यायच्या आधी जागाही मोकळी होईल. वाळवलेली उन्हाळ्यासाठी.

——

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. कांदा-लसूण लागलेल्या भांड्यांशी संबंध नको म्हणून वाळवणाचं यंत्र वेगळं ठेवायचं, असं त्यांनीच ठरवलं. काकांनाही फोनवर ग्वाल्हेरकरांचं सांगितलं. ते म्हणाले, वारुळाच्या बाहेर उगवलेली मी कधी देतच नाही, आता एकेक तुमच्या हातात देईन.

निमाडी दादा, एकच विचारायचं राहिलं: यंत्राच्या जाळ्या स्टीलच्या घ्याव्यात की प्लास्टिकच्या चालतील? आणि पाच ताटांचं यंत्र एका टोपलीला पुरतं का?

——

निमाडी:

स्टीलच्या घ्या, प्लास्टिकला वास धरतो. पाच ताटांत चकत्या एकावर एक न चढवता पसरल्या तर दीड-दोन किलो ताजी मावते. टोपली मोठी असेल तर आधी छत्र्या वाळवा, कळ्या तोवर कागदी पिशवीत फ्रीजमध्ये एक दिवस राहतात.