सुपर व्हिसावर कॅनडात दोन वर्षे : आरोग्यविमा घेताना नेमके काय तपासावे?

सातारकर गुरुजी

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून माझे वय ६८ आणि पत्नीचे ६४ आहे. मुलगी आणि जावई मिसिसागा येथे स्थायिक आहेत आणि त्यांनी आम्हाला सुपर व्हिसावर, म्हणजे कॅनडात स्थायिक मुलांकडे आईवडिलांना दीर्घकाळ राहू देणाऱ्या व्हिसावर, दोन वर्षांसाठी बोलावले आहे. येत्या २० ऑक्टोबरला निघावे असा विचार आहे. मला अकरा वर्षांपासून मधुमेह व रक्तदाब आहे, पत्नीला थायरॉइडचा त्रास आहे. दोघांचीही औषधे नियमित चालू आहेत.

येथे आमची दहा लाखांची एकत्रित आरोग्यविमा पॉलिसी आहे. ती तिकडे उपयोगी पडेल का? आमच्या विमा एजंटांचे म्हणणे असे की २०२५ पासून कॅनडाने नियम बदलले असून भारतातून घेतलेली पॉलिसीही चालते. जावयांनी तिकडून दोन दर मागवले आहेत. पहिल्या पॉलिसीत जुन्या आजारांना संरक्षण नाही. दुसरीत ते आहे, पण आजार १८० दिवस ‘स्थिर’ असावा अशी अट आहे आणि तिचा हप्ता जवळपास दीडपट आहे. रक्कम जावई भरणार असल्याने मनाला संकोच वाटतो. स्वस्त पॉलिसीवर भागवावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ब्रॅम्प्टनकर

गुरुजी, माझ्या आईवडिलांसाठी मी हे सर्व तीन वेळा केले आहे, म्हणून आधी नियम सांगतो. सुपर व्हिसासाठी प्रत्येक व्यक्तीची किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरची वैद्यकीय पॉलिसी लागते, म्हणजे आपल्या साठ लाख रुपयांहून अधिक. ती प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्ष वैध असावी आणि तिच्यात उपचार, रुग्णालयातील भरती व मायदेशी परत नेण्याचा खर्च हे तिन्ही असावेत. नुसता दरपत्रकाचा कागद अर्जासोबत चालत नाही. पूर्ण रक्कम भरलेली असावी किंवा सुरुवातीची रक्कम भरून हप्ते ठरलेले असावेत, त्यामुळे मासिक हप्त्यांची सोय जावयांना निश्चित घेता येईल.

एजंटांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. २८ जानेवारी २०२५ पासून कॅनडाबाहेरील विमा कंपनीची पॉलिसीही मान्य होऊ लागली. मात्र त्या कंपनीला कॅनडाच्या वित्तीय संस्था अधीक्षक कार्यालयाची, म्हणजे ओएसएफआयची, परवानगी असावी लागते आणि पॉलिसी तिने कॅनडातील आपल्या विमा व्यवसायाअंतर्गत दिलेली असावी लागते. आपल्याकडील साधी प्रवास विमा पॉलिसी या अटीत बसत नाही. कंपनीचे नाव त्या कार्यालयाच्या यादीत पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. आपली दहा लाखांची पॉलिसी भारतातील उपचारांसाठी आहे, ती इथे धरता येणार नाही.

विमानतळावरचा अधिकारी पॉलिसी मागू शकतो, तेव्हा छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नव्हे. आणखी एक गोष्ट : जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण विमा सहसा वर्षाचाच असतो. दुसऱ्या वर्षाचे नूतनीकरण पहिले वर्ष संपण्यापूर्वीच करावे. मध्ये एक दिवसाचाही खंड पडला तरी पुढची पॉलिसी नवीन धरली जाते आणि स्थिरतेचे दिवस पुन्हा मोजले जातात.

मालती, नाशिक

गुरुजी, संकोच बाजूला ठेवा आणि स्वस्त पॉलिसी घेऊ नका, हे मी अनुभवावरून कळकळीने लिहीत आहे. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला परदेशात ज्या कारणासाठी रुग्णालयात जावे लागण्याची शक्यता सर्वाधिक, नेमके तेच कारण त्या पॉलिसीतून वगळलेले असते. पाय मोडला तर ती उपयोगी पडेल, छातीत दुखले तर पडणार नाही.

मात्र महाग पॉलिसी घेतली म्हणजे काम झाले असेही नाही, आणि इथेच आम्ही फसलो. आमच्याकडे जुन्या आजारांना संरक्षण देणारी, १८० दिवसांच्या स्थिरतेची पॉलिसी होती. निघण्याच्या दोन महिने आधी यजमानांचा रक्तदाब छान आटोक्यात आला म्हणून डॉक्टरांनी गोळी ४० मिलिग्रॅमवरून २० वर आणली. आम्हाला आनंदच झाला. जानेवारीत मुलाच्या घरी रात्री त्यांच्या छातीत कळ आली, दोन रात्री ते रुग्णालयात होते आणि देवाच्या कृपेने सुखरूप घरी आले. विमा कंपनीने मात्र येथील डॉक्टरांची सगळी कागदपत्रे मागवली, त्या एका ओळीवर बोट ठेवले आणि दावा नाकारला. त्यांच्या व्याख्येत ‘स्थिर’ म्हणजे औषधात कोणताही बदल नाही; डोस वाढवणे जसे बदल, तसेच कमी करणेही बदलच. परदेशी पाहुण्याला तेथील रुग्णालय दिवसाला काही हजार डॉलर आकारते. ते बिल मुलाने भरले आणि आम्हाला ते अजून बोचते.

तेव्हा पॉलिसीतील ‘स्थिर’ या शब्दाची व्याख्या जावयांकडून मागवून घ्या आणि शब्दन् शब्द वाचा. नवे औषध, बदललेला डोस, नवे लक्षण, डॉक्टरांनी सांगितलेली पण अजून न केलेली तपासणी, यांपैकी काहीही त्या मुदतीत आले तर तो आजार स्थिर धरला जात नाही. याचा अर्थ उपचार टाळावेत असा मुळीच नाही. पूर्ण तपासणी निघण्याच्या सात-आठ महिने आधी करून घ्यावी, म्हणजे जे बदल व्हायचे ते त्या मुदतीच्या आधीच होऊन जातात.

सातारकर गुरुजी

मालतीताई, आपण इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, मनापासून आभार. आपले वाचून मी लगेच फाइल उघडली. १२ जूनला डॉक्टरांनी माझी साखरेची एक गोळी बदलून दुसरी दिली आहे. आता काय करावे?

ब्रॅम्प्टनकर

गुरुजी, दिवस मोजू. दिवस पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजतात. १२ जून ते २० ऑक्टोबर हे १३० दिवस होतात, म्हणजे १८० दिवसांच्या अटीत आपला मधुमेह त्या दिवशी ‘स्थिर’ ठरणार नाही. १८० दिवस ९ डिसेंबरला पुरे होतात. आता एक तर प्रवास डिसेंबरच्या मध्यावर न्यावा, नाहीतर ९० किंवा १२० दिवसांच्या स्थिरतेची पॉलिसी शोधावी. अशा पॉलिसी मिळतात, मात्र वयानुसार अटी बदलतात. हप्ता कमी करायचा असेल तर जुन्या आजाराचे संरक्षण सोडू नका, डिडक्टिबल वाढवा. दाव्यातील पहिले हजार डॉलर आपण भरायचे ठरवले तर हप्ता बऱ्यापैकी खाली येतो. व्हिसा नाकारला गेल्यास किंवा दावा न करता लवकर परतल्यास पैसे कसे परत मिळतील, हेही लेखी घ्या.

प्रश्नावलीत एकही आजार लपवू नका. आल्यावर कंपनीचा आपत्कालीन क्रमांक फ्रिजवर चिकटवा. जीवावरचा प्रसंग असेल तर आधी ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा, पण शक्य तितक्या लवकर कंपनीला कळवणे आवश्यक असते, नाहीतर भरपाई कमी होऊ शकते. नेहमीच्या गोळ्यांचा खर्च ही पॉलिसी देत नाही. स्वतःसाठी फार तर ९० दिवसांची औषधे मूळ वेष्टनात आणता येतात, त्यापुढे येथील डॉक्टरांची चिठ्ठी लागेल आणि तो खर्च वेगळा धरावा.

निवृत्त विमा अधिकारी, ठाणे

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. परदेशात असताना येथील पॉलिसी बंद पडू देऊ नका. ‘दोन वर्षे इथे नसणारच, मग हप्ता कशाला’ असे म्हणून अनेक ज्येष्ठ ती सोडतात आणि परतल्यावर जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचा दावा मिळत नाही तो काळ, नव्याने सुरू होतो, जो तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो. शिवाय सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. हे संरक्षणही हातचे जाते. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, पण त्या दिवसांवर विसंबू नये. हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी आणि भारतातील सिमकार्ड चालू ठेवावे, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाल्याने भारही थोडा हलका झाला आहे.

सातारकर गुरुजी

आपणा सर्वांचा ऋणी आहे. आज डॉक्टरांकडून दोघांच्या औषधांची व ती सुरू झाल्याच्या तारखांची लेखी यादी घेतली. पत्नीच्या गोळीत दोन वर्षे बदल नाही. जावयांना १२० दिवसांच्या अटीची पॉलिसी शोधायला सांगितले आहे. ती मनासारखी न मिळाल्यास १५ डिसेंबरनंतरचे तिकीट काढू, असे मुलीला कळवले आहे.