डोंगरउतारावरचं तळघर: पावसाळ्यात पाझर, नक्की काय करावं?

मृणाल_सातारा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या चढावर आमचं घर आहे. चढ कापून बांधलंय, त्यामुळे खालचा मजला रस्त्याकडून उघडा आणि मागून पूर्ण जमिनीत. घरात त्याला तळघरच म्हणतो. तिथे माझा शिवणक्लास चालतो.

दर वर्षी जुलैत पाऊस लागून राहिला की मागची भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथून पाणी यायला लागतं. स्वच्छ, वास नसलेलं, बोटभर रुंदीची धार. ती फॉल-पिकोच्या मशीनखालून दारापर्यंत जाते. कटिंग टेबलाचे प्लायचे पाय फुगलेत, अस्तराच्या ताग्यांना कुबट वास लागतो. मुली ओल्या फरशीवर विजेची मशीन चालवतात, याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आतून केमिकल मारून दिलं. पहिला पावसाळा बरा गेला. गेल्या वर्षी रंगाला हाताच्या तळव्याएवढे फुगे आले, फुगा दाबला की आतून पाणी उडतं. आता तो म्हणतो पुन्हा केमिकल मारू आणि वरून टाइल्स लावू. दुसरा म्हणतो आत खड्डा घेऊन पंप बसवा. सासरे म्हणतात हा डोंगराचा उपळ आहे, म्हणजे जमिनीतून पाझरणारं पाणी, तो बंद होत नसतो. कुणाचं ऐकू?

जुना_ओव्हरसियर

मृणालताई, सासऱ्यांचं ऐका. आयुष्यभर घाटरस्त्यांच्या संरक्षक भिंती बांधल्यात, म्हणून खात्रीने सांगतो.

आपल्याकडे वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाऊस मुरमातून सहज उतरतो, पाषाणात मात्र फारसा शिरत नाही. मग तो पाषाणाच्या अंगावरून उताराच्या दिशेने सरकत राहतो. मध्ये तुमची भिंत आडवी आली की तिच्यामागे साठतो. एक मीटर उंच पाणी साठलं तर भिंतीच्या बुडाशी दर चौरस मीटरला एक टन दाब येतो. आतून मारलेलं केमिकल या दाबासमोर कसं टिकणार? पाणी त्याला मागून ढकलतं, म्हणून तर फुगे. टाइल्स लावल्यात तर त्याही सुटतील, आणि पाणी बाजूच्या भिंतीतून वाट काढेल.

पण खर्चाला हात घालण्याआधी काही गोष्टी बघून सांगा. पाऊस थांबल्यावर पाणी लगेच बंद होतं की पुढे काही दिवस चालू राहतं? गच्चीच्या पावसाळी पाइपांचं पाणी कुठे पडतं? मागच्या बोळाचा उतार कुठल्या बाजूला आहे? आणि जमिनीखालची पाण्याची टाकी भिंतीजवळ असेल तर रात्री तिचे सगळे व्हॉल्व्ह आणि पंप बंद करून आत पातळीची खूण करा, सकाळी बघा. उपळ म्हणून दाखवलेलं पाणी टाकीचं निघालेलं मी पाहिलंय.

वायरिंगचं मात्र आजच बघा. तळघराच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. जमिनीवरचे एक्स्टेन्शन बोर्ड उचलून भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर घ्या. हे पावसाळ्यापर्यंत लांबवू नका.

दापोलीकर

आमच्याकडे तळघर चहूबाजूंनी जमिनीत आहे, त्यामुळे पंपाशिवाय गत्यंतर नव्हतं. खड्डा, त्यात पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा फ्लोटचा सबमर्सिबल पंप आणि बाहेर जाणाऱ्या पाइपला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. तो नसला तर पंप बंद होताच पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप विनाकारण चालू-बंद होत राहतो.

खरी अडचण विजेची. धो धो पावसातच वीज जाते. अर्ध्या एचपीचा पंप चालताना साधारण ४०० ते ५०० वॉट घेतो, पण सुरू होताना त्याच्या काही पट ओढतो. घरातला पंख्या-दिव्यांचा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. हे आधी विचारून मगच निर्णय घ्या.

मृणाल_सातारा

काका, सगळं बघितलं. पाऊस उघडल्यावरही पाणी तीन-चार दिवस येत राहतं, मग हळूहळू आटतं. टाकीची पातळी जशीच्या तशी होती. गच्चीचे दोन्ही पाइप मात्र मागच्या बोळातच सोडलेत, भिंतीला लागून. बोळात बादलीभर पाणी ओतलं तर ते सरळ घराच्या भिंतीकडे आलं आणि फरशीच्या सांध्यांत जिरलं. इतकी वर्षं हे कुणी बघितलंच नव्हतं. इलेक्ट्रिशियन उद्या येतोय.

जुना_ओव्हरसियर

छान तपासलंत. म्हणजे डोंगराचं पाणी आहेच, आणि गच्चीचं आपणच त्यात घालतोय. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटर पाणी होतं. ते सगळं भिंतीमागे चाललंय.

म्हणून पहिलं काम गच्चीचे पाइप. जोडून घराच्या बाजूने पुढच्या पावसाळी गटाराला न्या. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडू नका, ते तुंबलं की मैला उलटा घरात येतो. मग बोळाची फरशी काढून उतार घरापासून उलट्या बाजूला द्या आणि तिकडच्या कडेला उघडी नाली घ्या. एवढ्यानेच बराच फरक पडेल. पैसे कमी असतील तर या वर्षी इतकंच करा आणि एक पावसाळा बघा.

उरलेल्या पाण्यासाठी भिंतीमागे चर. तुमचं घर उतारावर आहे हे तुमचं भाग्य, दापोलीकरांसारखा पंप तुम्हाला लागणार नाही. मागे बुडाशी पाणी पकडायचं आणि घराला वळसा घालून पुढे रस्त्याच्या पातळीला बाहेर काढायचं. चराची पातळी तळघराच्या फरशीच्या खाली हवी, पण पायाच्या बुडाच्या वर. पायाखाली खणलं तर भिंतच धोक्यात येते. चर एकदम सलग उघडू नका. थोडा खणा, भरा, मग पुढे सरका. खोली माणसाच्या कमरेवर गेली तर कडांना आधार दिल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नका. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा जागेवर आणाच, त्याची फी वाचवू नका.

चरात आधी जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, ते पाणी जाऊ देतं आणि माती अडवतं. त्यावर धुतलेली २० एमएमची खडी, मग चार इंची भोकांचा पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या अंगाला. उतार शंभराला एक. वर पुन्हा खडी आणि कापडाची घडी बंद. कापड वगळलं तर मुरमाची माती दोन-चार पावसाळ्यांत पाइप बुजवते. खडीत क्रशरची भुकटी येते, ती डोळ्यांदेखत धुऊन घ्या. प्रत्येक कोपऱ्यावर उभा पाइप आणि झाकण ठेवा, म्हणजे दर मे महिन्यात वरून पाणी मारून लाइन साफ करता येईल. पुढच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर उंदीर घर करतात. चर उघडा असतानाच भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या, कारण बाहेरून लावलेला थर पाणी भिंतीवरच दाबतं, सोलून काढत नाही.

काम एप्रिलअखेर संपवा. वळवाच्या पावसात उघडा चर ढासळतो.

मृणाल_सातारा

काका, मनापासून आभार. पाइप आणि बोळाचं काम याच महिन्यात सुरू करते. चरासाठी एक शंका: मागच्या शेजाऱ्यांचा शोषखड्डा आमच्या हद्दीपासून जेमतेम सहा-सात फुटांवर, वरच्या अंगाला आहे. त्याचं पाणी चरात येईल का?

जुना_ओव्हरसियर

येऊ शकतं. पण तुमचं पाणी उन्हाळ्यात पूर्ण आटतं आणि त्याला वास नाही, त्यामुळे सध्या तरी ते मुख्य कारण दिसत नाही. चर खणताना त्या बाजूची माती काळी, वास येणारी लागली तर तिथेच थांबा आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवा. मग त्यांच्याशी बोलून तो खड्डा तुमच्या हद्दीपासून लांब हलवावा लागेल. इंजिनिअर येईल तेव्हा ती जागा त्याला आधी दाखवा.