ल्युसर्नहून एका दिवसात युंगफ्राऊयोख: आई-बाबांना घेऊन रेल्वेने जमेल का?

कोथरूडकर:
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला चार रात्री मुक्काम आहे. बरोबर आई (66) आणि बाबा (71). बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, चालणं ठीक आहे, पण जिने चढताना दम लागतो. टूर कंपनीबरोबर जायचं नाही. प्रश्न असे:

1. ल्युसर्नहून सकाळी निघून संध्याकाळी परत येणं वाजवी आहे का?
2. स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा की हाफ फेअर कार्ड?
3. तिकीट पुण्यातूनच काढून ठेवावं का?
4. इतक्या उंचीवर आई-बाबांना त्रास होईल का?

रुळावरून:
जमतं, पण दिवस लांब होतो. आधी ठिकाणाबद्दल एक स्पष्ट करतो. युंगफ्राऊयोख ही म्यंख (4,107 मी.) आणि युंगफ्राऊ (4,158 मी.) या दोन शिखरांमधली खिंड आहे. गाडी शिखरावर जात नाही, खिंडीतल्या 3,454 मी. उंचीवरच्या स्थानकात थांबते. युरोपातलं हे सर्वांत उंच रेल्वे स्थानक.

ल्युसर्नहून मार्ग असा:

ल्युसर्न ते इंटरलाकेन ओस्ट ही थेट गाडी दर तासाला आहे, 1 तास 50 मिनिटं लागतात. ल्युसर्नला चढताना उजव्या बाजूला बसा. मायरिंगेनला गाडीची दिशा उलटते, त्यामुळे उजवीकडची जागा डावीकडे येते आणि नेमकं ब्रीन्झचं तळंही त्याच खिडकीत येतं. सारनेन आणि लुंगर्नची तळी तर आधीच त्या बाजूला असतात.

ओस्टला बदलून ग्रिंडेलवाल्डची गाडी, साधारण अर्धा तास. हमखास गोंधळ इथे होतो. ही गाडी दोन तुकड्यांची असते आणि त्स्वायल्युचिनेनला तिचे दोन भाग होतात, एक ग्रिंडेलवाल्डला, दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. गर्दीत मिळेल त्या डब्यात शिरलेली माणसं भलत्याच दरीत पोचतात. आणि उतरायचं ते ग्रिंडेलवाल्ड गावात नव्हे, त्याच्या एक स्थानक आधी, ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला.

टर्मिनलहून आयगर एक्स्प्रेस. नाव एक्स्प्रेस असलं तरी ती गाडी नाही, डिसेंबर 2020 मध्ये सुरू झालेला रोपवे आहे. पाळण्यात 26 जण बसतात, 15 मिनिटांत आयगरग्लेचरला (2,320 मी.) नेतो. तिथून युंगफ्राऊ रेल्वे 26 मिनिटांत वर. हा टप्पा जवळपास सगळा बोगद्यात आहे, त्यामुळे कुठल्या बाजूला बसायचं याची चिंता नको. चढताना आयस्मेअरला (3,160 मी.) पाच मिनिटं थांबते, उतरून खडकात खोदलेल्या खिडक्यांतून हिमनदी बघता येते. वेळ संपायच्या आत डब्यात परत यायचं, गाडी कोणासाठी खोळंबत नाही.

सातच्या सुमारास ल्युसर्न सोडलं तर अकराच्या आत वर. दीडपर्यंत थांबून खाली निघालात की सहा-साडेसहाला ल्युसर्न. उतरताना रोपवेने येऊ नका. क्लायने शायडेग (2,061 मी.), वेंगेन, लाउटरब्रुनेन या बाजूने रेल्वेनेच या. एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली असं तिकीट मिळतं. पाऊण तास जास्त जातो, पण दिवसातला सगळ्यात देखणा प्रवास तोच, डावीकडे युंगफ्राऊ आणि पुढे खोल दरी. खरं सांगायचं तर वरच्या बर्फाच्या गुहेपेक्षा मला हा उतार जास्त मोलाचा वाटतो.

मु. पो. झुरिच:
पासचा हिशेब. स्विस ट्रॅव्हल पासवर बहुतेक रेल्वे, बोटी, शहरातल्या बस फुकट आणि बऱ्याच डोंगरी गाड्यांवर निम्मी सूट असते. युंगफ्राऊ याला अपवाद. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, तिथून वर फक्त 25 टक्के सूट. हाफ फेअर कार्डवर मात्र संपूर्ण मार्गावर निम्मं भाडं. उन्हाळ्यात इंटरलाकेनपासूनचं जाऊन-येऊन पूर्ण भाडं 200 फ्रँकच्या पुढे जातं, म्हणजे एकेका माणसामागे हा फरक मोठा आहे.

ढोबळ नियम: मुक्काम एकाच गावी आणि दोनेक महाग डोंगर करायचे असतील तर हाफ फेअर. रोज नवं शहर आणि लांबचे प्रवास असतील तर पास. तुमचा चार रात्री एकाच ठिकाणी मुक्काम आहे, माझं मत हाफ फेअरला. तरी चारही दिवसांचे प्रवास स्विस रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये टाकून दोन्ही बेरजा करा, दहा मिनिटांचं काम आहे.

तिकीट पुण्यातून काढू नका. वर ढग असतील तर काचेबाहेर निव्वळ पांढरा पडदा दिसतो आणि पैसे मात्र तेवढेच. चार दिवसांतला कुठला दिवस द्यायचा हे आदल्या रात्री ठरवा आणि सकाळी निघताना युंगफ्राऊयोखचा लाइव्ह कॅमेरा बघून पक्कं करा. ल्युसर्नला पाऊस असताना वर लख्ख ऊन असू शकतं, आणि याच्या उलटही. खालचं आकाश बघून निर्णय घेऊ नये.

रुळावरून:
तिकिटाबद्दल सहमत, पण अर्धंच. उन्हाळ्याच्या महिन्यांत आयगरग्लेचर ते युंगफ्राऊयोख या टप्प्यावर आसन आरक्षण लागतं, त्याचे साधारण 10 फ्रँक वेगळे. सकाळी नऊ ते अकराच्या जागा आधी संपतात, कारण ग्रुप टूरवाले त्याच वेळेला येतात. म्हणून आदल्या संध्याकाळी हवामान ठीक दिसलं की लगेच तिकीट आणि आरक्षण दोन्ही करून टाका. सकाळपर्यंत थांबलात तर आकाश निरभ्र आणि जागा दुपारच्या, असं होतं. उन्हाळ्यात दुपारी शिखरांवर ढग जमू लागतात, तेव्हा सकाळचीच वेळ धरा.

आणखी एक. जोराचा वारा सुटला तर रोपवे बंद ठेवतात. तेव्हा लाउटरब्रुनेन–वेंगेन–क्लायने शायडेग हा रेल्वेचा रस्ता सहसा चालू असतो. इंटरलाकेन सोडण्यापूर्वी फलकावर बघा, म्हणजे टर्मिनलपर्यंत जाऊन परत फिरावं लागणार नाही.

स्टेथो:
चौथ्या प्रश्नाकडे वळतो. 3,454 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. कळसूबाई 1,646 मी. आहे, त्याच्या दुपटीहून जास्त. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1,800 ते 2,400 मी. उंचीइतका ठेवतात. म्हणजे आई-बाबा मुंबईहून विमानाने आले तर आयगरग्लेचरपर्यंतची उंची त्यांच्या शरीराने बसल्या जागी जवळपास पार केलेली असते. खरा प्रश्न त्यापुढच्या 1,100 मीटरचा, आणि तिथे ते बसून नसतात, चालतात.

डोंगरी आजार म्हणतात तो सहसा वर गेल्यावर काही तासांनी उठतो. दोन-तीन तासांत जे जाणवतं ते बहुतेक वेळा निव्वळ ऑक्सिजनची कमतरता: धाप, हलकं गरगरणं, पायांत कापूस भरल्यासारखं. डोकेदुखी संध्याकाळी हॉटेलवर आल्यावरही होऊ शकते.

करायचं ते एवढंच. गाडीतून उतरल्यावर पहिला अर्धा तास कुठेही न पळता बसा, पाणी प्या. जिने टाळा. 3,571 मीटरवरच्या स्फिंक्स सज्जावर लिफ्ट जाते, 108 मीटर चढायला सुमारे 25 सेकंद. रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळेला घ्या, प्रवासाच्या गडबडीत चुकवू नका. बसलेलं असतानाही दम लागला, छातीत दुखलं, बोलण्यात किंवा चालण्यात गोंधळ दिसला, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा आणि पहिल्या गाडीने खाली आणा. खाली येणं हाच मुख्य उपाय.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नेत असाल तर आधीच जाणून असा, तिथे निरोगी माणसालाही 85 ते 90 दिसतं. बोटं गार असतील तर आकडा आणखी चुकतो. आकड्याकडे नव्हे, माणसाकडे बघा. नुकताच हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा घरी ऑक्सिजन लागणारा श्वसनविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. बाबांच्या डॉक्टरांनाही जिने चढताना दम लागतो हे आवर्जून सांगा, नुसतं रक्तदाब म्हणून थांबू नका.

कोथरूडकर:
सगळ्यांचे आभार. आई साडीच नेसते. कपडे, बूट आणि खाण्याचं काय करावं?

मु. पो. झुरिच:
साडी चालेल. आत थर्मल, वर वाऱ्याला अडवणारं जॅकेट, लोकरी मोजे. जूनमध्येही वर तापमान शून्याच्या आसपास असतं आणि खरा त्रास वाऱ्याचा असतो. चपला, सँडल मात्र नकोत. बर्फाच्या गुहेतली फरशीही बर्फाचीच आहे, रबरी खाचांचे तळवे लागतात, आणि तिथे कठड्याचा दांडा धरून चालावं. गॉगल आणि सनस्क्रीन ऊन असो-नसो घ्या, बर्फावरून परावर्तित प्रकाश डोळ्यांना झोंबतो. बाहेर बर्फावर खुणेच्या वाटेपलीकडे पाऊल टाकायचं नाही, खाली हिमनदीच्या भेगा असतात.

खाणं घरचं नेता येतं. चिवड्याचं पाकीट वर फुग्यासारखं फुगेल, घाबरू नका, पण गाडीत उघडताना तोंड दूर धरा. दह्याचे-लोणच्याचे डबे घट्ट बंद करून पिशवीत ठेवा. वर भारतीय जेवणाचं रेस्टॉरंट हंगामात चालू असतं, पण दुपारी तिथे ग्रुप टूर एकदम उतरतात. साडेअकराला जेवून घ्या किंवा सरळ खाली वेंगेनला.

रुळावरून:
ज्या दिवशी वरचा कॅमेरा सलग पांढराच दिसेल त्या दिवसासाठी ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर हाताशी ठेवा. उंची 1,798 मी., फिट्झनाउपर्यंत बोट आणि तिथून 1871 ची दातेरी रेल्वे. पासवर ती फुकट, हाफ फेअरवर निम्मं भाडं. बाबांच्या डॉक्टरांनी युंगफ्राऊयोखला नकार दिला तरी हाच पर्याय.