काम सुरू व्हायच्या आधीच ऑर्डर रद्द: आगाऊ रक्कम परत द्यावी लागते का?

विश्रामबाग_ग्राफिक्स (प्रश्न)
सांगलीत फ्रीलान्स पॅकेजिंग डिझाइन करते. पुण्याच्या एका फूड कंपनीचं बेदाणा आणि हळदीच्या पाऊचचं काम ठरलं होतं, एकूण ६०,०००. कोटेशन ईमेलनं पाठवलं, "मंजूर, १० तारखेपासून सुरू करा" असं ईमेलवरच उत्तर आलं. ४०% आगाऊ म्हणजे २४,०००, त्यातून १०% टीडीएस कापून खात्यात २१,६०० जमा झाले. वेगळा करारनामा नाही. ६ तारखेला व्हॉट्सॲपवर निरोप आला: लाँच पुढे गेलंय, काम रद्द, २४,००० परत करा.

मंजुरीनंतर फोटोग्राफरला बुकिंगचे ५,००० दिलेत, ते परत मिळत नाहीत. फॉन्टचं लायसन्स ३,५००. प्रेसवाल्याकडे बसून डायलाइन (पाऊच कापायचा-दुमडायचा आराखडा) आणि पाऊचचं मटेरियल पक्कं करण्यात नऊ तास गेले. त्याआधी कोटेशनसाठी दोन मीटिंगा झाल्या त्या वेगळ्याच. जीएसटी नोंदणी नाही. कंपनी म्हणते, सही नाही म्हणजे करारच नाही. सगळे द्यायचे की सगळे ठेवायचे?

दिवाणी_बाजू
दोन्ही नाही.

आधी सहीचं. कोटेशन, ईमेलवरची मंजुरी आणि आगाऊ रक्कम एवढ्यावर करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १०अ सांगतं की इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. काम सुरू व्हायच्या आधी एका बाजूनं स्पष्ट नकार दिला तर भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३९ प्रमाणे दुसरी बाजू करार संपला असं धरू शकते आणि कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागू शकते.

पण ही भरपाई खऱ्या नुकसानाचीच मिळते. ते नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत, हेही त्याच कलमात बघितलं जातं. त्यामुळे ६०,००० मागून उपयोग नाही. २४,००० जप्त करायचे म्हटले तर तशी अट कोटेशनमध्ये लागते, आणि अट असली तरी कलम ७४ खाली वाजवी तेवढीच रक्कम मिळते. नुकसान झालंच नसेल तर नुसत्या अटीवर जप्ती टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) मध्ये सांगितलंय.

एक गोष्ट तुमच्या बाजूची: पैसे तुमच्याकडे आहेत. दावा लावायचा झाला तर तो त्यांना लावावा लागेल, आणि एवढ्या रकमेसाठी पुण्याहून कोणी सहसा वकील धाडत नाही. म्हणून गप्प मात्र बसू नका. लेखी हिशोब आधी तुमच्याकडून गेला पाहिजे.

हिशोबनीस
हिशोब असा मांडा:

फोटोग्राफर ५,०००, पावतीसह. फॉन्ट धरू नका, तो पुढच्या कामाला वापरता येतो आणि समोरचा पहिलं बोट त्याच्यावरच ठेवेल. मंजुरीनंतरचे नऊ तास तुमच्या नेहमीच्या दरानं. ६०० धरले तर ५,४००. मंजुरीच्या आधीच्या मीटिंगा हा धंदा मिळवायचा खर्च, तो ग्राहकावर पडत नाही. १० तारखेपासून जे दिवस खरोखर रिकामे गेले ते, समजा चार दिवस आणि दिवसाला निव्वळ २,००० सुटतात, तर ८,०००. एकूण १८,४००. परत ५,६००.

कच्चा दुवा रिकाम्या दिवसांचा. गणपतीच्या तोंडावर डिझाइनवाल्याला काम मिळालं नाही, हे कोणी मानणार नाही. या कामासाठी दुसरं काम नाकारल्याचा मेसेज किंवा ईमेल असेल तर जोडा. नसेल तर चाराचे दोन दिवस करा आणि विषय संपवा.

टीडीएसचं विसरू नका. हिशोब २४,००० वरच होतो, पण तुमच्या हातात २१,६०० आलेत. कापलेले २,४०० तुमच्या पॅनवर जमा दिसतात का ते आयकर पोर्टलवर बघा आणि मगच पैसे पाठवा. त्यांनी भरलेच नसतील तर २,४०० तुमच्या खिशातून जातील.

कुपवाड_एमआयडीसी
उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर सरळ एमएसएमईच्या थकबाकी तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका की! पैसे द्यायला ४५ दिवस, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज.

दिवाणी_बाजू
इथे ते लागू पडत नाही. एमएसएमई कायदा २००६ मधली मुदत आणि व्याज दिलेल्या सेवेच्या थकबाकीसाठी आहे. सेवा दिलीच नाही तर थकबाकी कसली? एखादा टप्पा पूर्ण करून दिला असता आणि त्याचं बिल अडकलं असतं, तर हाच सल्ला बरोबर होता.

ताईंनी आज करायचं ते: व्हॉट्सॲप चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि फोनही विकू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात उपकरणाचा तपशील येतो. मग त्यांना ईमेल करा, व्हॉट्सॲप नको: "६ तारखेच्या आपल्या निरोपानुसार करार संपला असे मी धरत आहे. हिशोब व पावत्या सोबत. आतापर्यंतच्या स्केचेसचे हक्क माझ्याकडेच राहतील." उत्तराला १५ दिवस द्या. परताव्याची रक्कम बँकेतूनच पाठवा आणि "संपूर्ण हिशोब मिटला" असं त्यांचं लेखी उत्तर आधी घ्या.

विश्रामबाग_ग्राफिक्स
दुसरं काम नाकारल्याचा ईमेल आहे, तीन दिवसांचं होतं. म्हणजे तीनच दिवस धरते. पुढच्या कोटेशनमध्ये काय घालू?

हिशोबनीस
तीन दिवसांनी ६,०००. एकूण १६,४००, परत ७,६००.

कोटेशनमध्ये पहिली ओळ सुरुवातीच्या तारखेची. "मटेरियल (ग्राहकाकडचा मजकूर, फोटो) मिळाल्यावर सुरू" असं लिहिलंत तर ग्राहक मटेरियल देतच नाही आणि काम ना चालू ना रद्द असं लोंबकळत राहतं. त्यावर तोडगा: ठरल्या तारखेपासून ३० दिवसांत मटेरियल आलं नाही तर काम रद्द समजलं जाईल. मग रद्द शुल्क: सुरुवातीच्या तारखेच्या १५ दिवसांपेक्षा आधी कळवलं तर एकूण रकमेच्या १०%, त्यानंतर २५%, आणि बाहेर दिलेले बुकिंगचे पैसे प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वेगळे. ५०% लिहायचा मोह टाळा. तुम्ही रद्द केलंत तर ७ दिवसांत पूर्ण परतावा, हेही लिहा. एकतर्फी अटीवर सही करायला ग्राहक कुरकुरतो.

पुढे उलाढाल २० लाखांच्या वर जाऊन जीएसटी नोंदणी झाली, तर रद्द शुल्कावरही मूळ सेवेच्या दरानंच कर लागतो. त्यामुळे "अधिक जीएसटी" हे शब्द त्याच ओळीत टाकून ठेवा.