दोन दुर्बिणी मागवून एक परत करणं योग्य आहे का?

पाणकणीस: ८×४२ आणि १०×४२ अशा दोन दुर्बिणी मागवल्यात (एक आठपट, दुसरी दहापट मोठं दाखवते; दोन्हींचं पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं). दहा दिवसांत परत करता येतात. चार दिवस पहाटे कोल्हापूरच्या कळंबा तलावावर आणि संध्याकाळी रंकाळ्यावर दोन्ही आलटूनपालटून बघतोय. दुपारी डावं-उजवं करताच येत नाही. पण दिवस बुडाला की दहावाली काळवंडते, आठवालीत मात्र जांभळी पाणकोंबडी अजून जांभळी दिसते. शिवाय दहावालीत हाताचा कंपही जास्त जाणवतो. आठवाली ठेवणार, दुसरी परत. डोळ्याला लावून चार दिवस बघितल्याशिवाय दुर्बीण ठरवूच नये, असं माझं ठाम मत झालंय.

महाद्वारकर: अजिबात पटलं नाही. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिलिमीटर, ४२ भागिले १० म्हणजे ४.२. डोळ्यात जाणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी ती एवढी. संध्याकाळी आठवाली उजळ दिसणार हे कागदावरच कळतं की! त्यासाठी दोन मागवायच्या कशाला? तुम्ही परत केलेली वस्तू पुढच्याला नवी म्हणून जाते. मला तशीच मिळाली होती, पट्ट्याला आधीच गाठ मारलेली आणि भिंगावर बोटांचे ठसे. पूर्ण पैसे मोजले होते मी. रविवारी कळंब्यावर पक्षी बघणारे येतात, त्यांच्याकडे मागा. आनंदानं देतात.

पाणकणीस: दादा, कागद दुर्बिणीचं सांगतो, माझ्या डोळ्याचं नाही. वय वाढेल तशी बाहुली अंधारात कमी उघडते. माझं वय ५४. बाहुली चार मिलिमीटरच उघडत असती तर आठवालीचा जादा प्रकाश वायाच गेला असता. दुपारी तर ती दोन-तीन मिलिमीटरवर येते, म्हणूनच तेव्हा फरक दिसत नाही. आणि दुसऱ्याची दुर्बीण बघून माझ्या हातात येणारा नग कसा कळणार?

चष्मेवाली: नगाचा मुद्दा खरा आहे. माझ्या पहिल्या दुर्बिणीनं दाजीपूरला अर्ध्या तासात डोकं दुखायचं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला. दोन नळ्यांची दिशाच जुळत नव्हती, आणि ते कळेपर्यंत परतीची मुदत संपली होती. आधी डावा डोळा मधल्या चाकानं, मग उजवा त्याच्या कड्यानं जुळवून घ्या. मग लांबची विजेची आडवी तार बघत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब न्या. दोन्ही नळ्यांत तार एका रेषेत राहिली पाहिजे, पायरी पडली तर लगेच परत. चष्मा घालणाऱ्यांनी डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं, ते अंतरही बघावं. पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कडेचं दृश्य कापलं जातं. पण दोष शोधणं वेगळं आणि दोन्ही वापरून आवडनिवड ठरवणं वेगळं. दुसऱ्याला माझाही विरोध आहे.

महाद्वारकर: तेच म्हणतोय. तारेची तपासणी पहिल्या दिवशी अर्ध्या तासात होते. चार दिवस तलावावर फिरवणं म्हणजे वापर झाला.

पाणकणीस: संध्याकाळ दिवसातून एकदाच होते हो, आणि चारातल्या दोन ढगांनी खाल्ल्या. तरी गाठ मारलेल्या पट्ट्याचं वाचून वाईट वाटलं. दहावाली आता बाहेर नेत नाही, स्वच्छ पुसून, वापरली आहे अशी चिठ्ठी घालून परत करतो. ताई, आठवालीवर तार उद्या सकाळी बघतो. पायरी पडली तर तीही जाईल.