पन्हाळेकाजी म्हणजे ‘चार ओसाड खोल्या’?

कोटजाईकाठ
हर्णैच्या धाग्यावर एकाने सल्ला दिलाय, “पन्हाळेकाजीला वेळ घालवू नका, चार ओसाड खोल्या आहेत. कड्यावरचा गणपती करून परत फिरा.” वाचून डोकं फिरलं. चार नाहीत, दापोलीजवळच्या या गावात २९ लेणी आहेत! आधी बौद्ध भिक्षू, मग वज्रयानी, म्हणजे तांत्रिक बौद्ध (दहाव्या लेण्यातला त्यांचा देव महाचंडरोषण बघितलात का?), पुढे शैव, शेवटी नाथपंथी. हजारएक वर्षं एकाच नदीकाठी साधक राहिले. कोकणातल्या शिलाहार घराण्यातल्या विक्रमादित्याचा ११३९चा ताम्रपट इथलाच, त्यावरूनच हे गाव म्हणजे जुनं प्रणालक, हे ओळखलं गेलं. कोकणात असं दुसरं ठिकाण दाखवा.

सहलवाला
तो सल्ला माझाच. पोरंबाळं, म्हातारे आईवडील घेऊन गेलो होतो. झिजलेल्या मूर्ती आम्हाला कोण समजावणार? अभ्यासकांनी खुशाल जावं.

देवगडकर
वारसा वारसा करणाऱ्यांनी आमचंही ऐका. मामाचं घर विजयदुर्गाच्या तटाजवळ. तौक्ते वादळात कौलं उडाली. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत, म्हणून दुरुस्तीलाही परवानगी लागते. कार्यालयात खेटे घालून मामा थकला, पावसाळा ताडपत्रीखाली काढला.

कोटजाईकाठ
विषय लेण्यांचा आहे. किल्ला कुठून आणलात?

देवगडकर
कायदा एकच आहे ना? १०० मीटर बंदी, पुढचे २०० मीटर नियंत्रण. तुम्ही फोटो काढून निघून जाता, आम्ही तिथे जगतो.

जांभादगड
आणि नियम नसते तर तटाला टेकून लॉज उभे राहिले असते. आमच्या गावात जुन्या देवळाचे कोरीव दगड लोकांनी जोत्याला लावले, मी डोळ्यांनी पाहिलंय. मामांचं दुःख खरं आहे, पण त्यासाठी कायदाच मोडीत काढायचा?

देवगडकर
मोडीत काढा कोण म्हणालं? कौलं बदलायला महिनोन्‌महिने लावू नका, एवढंच म्हणतोय. वाचायला शिका आधी.

जांभादगड
बरं, एवढं मान्य. दुरुस्तीचा अर्ज तालुक्यातच निकाली निघायला हवा.

कोटजाईकाठ
मलाही मान्य, पण लेण्यांवरचा राग सोडा. सहलवाले, म्हाताऱ्यांचा मुद्दा पटला, पायऱ्या त्रासाच्या आहेत. “ओसाड खोल्या” मात्र मागे घ्या. नाथपंथातल्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या मूर्ती कोरलेली जागा ओसाड नसते.

सहलवाला
“ओसाड” काढतो. “समजावायला कोणी नाही” हे राहू दे, ते खरंच आहे.